बाद झालेला गडी

गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीची हकिकत सांगून विषयाला हात घालतो. माझा भाचा संकेत इंजिनियरिंगला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडेच राहतो. रात्री साडेआठला पाने वाढली. त्याच्या मामीने दोन हाका मारल्या, मी एक मारली. आतून उत्तर आले, "आलोच मामा, पाचच मिनिटं!" पाचाची पंधरा झाली, पंधराची पंचवीस झाली. भाकरी गार झाली आणि मी तापलो. उठून त्याच्या खोलीत गेलो आणि भिंतीवरचे बटण खाली केले. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. त्याने कानावरचा हेडफोन काढला, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "मामा, चौघं आहेत तिकडं. आता हरणार ती." त्या रात्री तो जेवला नाही. पुढे दोन दिवस नीट बोललाही नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा प्रसंग घडला असेल. शिक्षकबंधू आणि भगिनी असतील, त्यांनी वसतिगृहात किंवा मधल्या सुट्टीत मुलांच्या हातातून फोन काढून घेतला असेल. माझी तक्रार नाही. मीही तेच केले. पण तिसऱ्या दिवशी संकेतने मला समोर बसवून तो खेळ काय आहे ते समजावून सांगितले, आणि मग माझ्या लक्षात आले की, भर रंगात आलेल्या कबड्डीच्या सामन्यातून मी एका गड्याला मानगूट धरून बाहेर ओढले होते. समोर सात आणि इकडे सहा, असे करून टाकले होते.

तेव्हा आज बोलायचे आहे ते या खेळांविषयी. इंग्रजीत त्यांना टॅक्टिकल शूटर म्हणतात. आपण डावपेचांच्या चकमकीचे खेळ म्हणू. पडद्यावर का होईना, पण बंदूक चालवण्याचा खेळ मुलांनी खेळावा का, हा मोठा वाद आहे आणि मला दिलेल्या पंधरा मिनिटांत तो मिटणार नाही. एवढे मात्र सांगून ठेवतो की, संकेत खेळतो त्या व्हॅलोरंट या खेळाला युरोपातील पेगी या मंडळाने १६ वर्षांवरील वयासाठी असा शिक्का मारला आहे. पाचवी-सहावीच्या पोराच्या हाती तो देऊ नये. आणखी एक. पुष्कळ पालक या खेळांची आणि पैसे लावून खेळायच्या रमीची एकच गाठ बांधतात. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने या दोन गोष्टी निरनिराळ्या ठरवल्या आहेत. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना त्याने बंदी केली आणि स्पर्धेच्या ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. असो.

खेळ असा. पाच गडी एका बाजूला, पाच दुसऱ्या. एका संघाने नकाशातील ठरलेल्या जागी बॉम्ब नेऊन ठेवायचा, दुसऱ्याने तो ठेवू द्यायचा नाही, किंवा ठेवलाच तर वेळेत निकामी करायचा. एक फेरी दीड-दोन मिनिटांची. अशा अनेक फेऱ्या मिळून सामना होतो. डोक्यात एक गोळी बसली की गडी बहुधा बाद. धावत धावत झाडलेली गोळी भरकटते, म्हणून नेम धरायचा तर पाय थांबवावे लागतात. धावलात तर पावलांचा आवाज पलीकडच्याला ऐकू जातो, म्हणून हलके चालावे लागते. त्यामुळे या खेळात बराच वेळ काहीच घडत नाही, असे बघणाऱ्याला वाटते. मांजर उंदराच्या बिळापुढे बसलेले असते ना, तसे. आणि प्रत्येक फेरीआधी हत्यारे विकत घ्यायची, तीही आधीच्या फेऱ्यांच्या कमाईतून. हरत असलेला संघ एखादी फेरी मुद्दाम साध्या पिस्तुलावर काढतो आणि पैसा राखतो. घरात खायची ओढ असली तरी बियाण्याची पायली बाजूला ठेवणारा शेतकरी जे करतो, तेच हे. मी अर्थशास्त्र शिकवतो. बचत ही कल्पना वर्गात समजवायला मला दोन तास लागतात. या पोरांना ती पिस्तुलावर समजते.

या सगळ्यात एक नियम मुख्य. बाद झालेला गडी त्या फेरीत परत येत नाही. उरलेली फेरी त्याने बसून बघायची. पुढची फेरी सुरू झाली की सगळे पुन्हा उभे.

आता मी तुम्हाला थोडा वेळ आपल्या मातीवर आणतो, कारण हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जुन्या जाणत्या मंडळींना आठवत असेल, आपल्याकडे कबड्डी तीन तऱ्हांनी खेळली जाई. गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत एकदा बाद झालेला गडी बाहेर बसला की बसला. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला आत पाऊल नाही. संजीवनीत आपल्या गड्याने समोरचा एक मारला की आपला बाहेर बसलेला एक जिवंत होऊन आत येतो. आणि अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. समोरच्या संघाला एक गुण द्यायचा आणि आपण आहे तिथेच खेळत राहायचे. आमच्या शाळेचे पी.टी.चे गुरुजी हे तिन्ही प्रकार मैदानावर रेघा मारून दाखवत. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन स्थापन झाले, आणि पुढे संजीवनीच्याच नियमांनी देशभर जम बसवला. बाकीचे दोन मागे पडले.

आज मी हे नियम घेऊन बसलो, याचे कारण असे की डावपेचांच्या चकमकीचा खेळ जन्मला तो गामिनी म्हणून, आणि गेली काही वर्षे त्याची ओढ अमरकडे आहे. बाद झालेल्या गड्याचे काय करावे, हा एकच प्रश्न या खेळांचे कर्ते वेगवेगळ्या रीतीने सोडवीत आहेत. त्याला किती वेळ बसवून ठेवायचे?

आरंभी तर बसण्याला आणि थांबण्याला फारच मान होता. १९९८ मध्ये अमेरिकेतील रेड स्टॉर्म या कंपनीने टॉम क्लॅन्सी या कादंबरीकाराच्या नावाने रेनबो सिक्स हा खेळ आणला. त्यात ओलिसांची सुटका करायची असे. पण आधी इमारतीचा नकाशा उघडून बसावे लागे. कोणत्या तुकडीने कोणत्या दाराने शिरायचे, कुठे थांबायचे, कोणत्या इशाऱ्यावर पुढे सरकायचे, हे सारे आखायचे. आखणीला अर्धा तास जाई आणि प्रत्यक्ष कामगिरी काही मिनिटांत आटपे. मोहिमेत एखादा शिपाई मेला तर पुढच्या मोहिमांतही तो नाहीच. हा थांबण्याचा भाग खेळाचाच भाग होता, आणि काही जणांना तर तोच आवडे. पण २००५ च्या लॉकडाउन या भागात ही आखणीची पायरी काढून टाकली. २००६ च्या व्हेगासमध्ये जखमी झालेला गडी आडोशाला क्षणभर बसला की आपोआप बरा होऊ लागला. म्हणजे घाई आज अचानक आली असे नव्हे.

दुसरा खेळ काउंटर-स्ट्राइक. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ नावाच्या खेळावर हौसेने बसवलेला हा डाव. व्हॉल्व्ह कंपनीने तो पुढच्याच वर्षी विक्रीला आणला. याच्याशी माझी स्वतःची ओळख आहे. २००२ साली मी पुण्यात एम.ए.ला होतो. आमच्या खोलीखाली सायबर कॅफे होते, तासाला वीस रुपये. दहा मशिने तारेने एकमेकांना जोडलेली, आणि रात्री दहानंतर सगळ्यांवर हाच खेळ. मी अगदी कच्चा गडी. फेरी सुरू झाली की पंधरा-वीस सेकंदांत बाद. मग उरलेली फेरी दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायची. हिशेब केला तर वीस रुपयांतले बारा-तेरा रुपये मी प्रेक्षक म्हणून भरत होतो! खिशात महिन्याचे मोजके पैसे असताना हे काही सुखाचे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण एक रात्र मला आजही आठवते. डस्ट टू नावाच्या नकाशात एक अंधारा बोगदा आहे. मी त्यातून धावत बाहेर पडलो आणि पडलो तो पडलोच. मग शेजारच्या मशिनवर बसलेल्या मित्राचा खेळ बघत राहिलो. तो त्याच बोगद्याच्या तोंडाशी आला आणि थांबला. काहीच करीना. मला वाटले, झोपला की काय हा. पाच-सहा सेकंद गेले, आणि मला मारणारा पलीकडचा गडी, आता कोणी येत नाही असे समजून, जागा सोडून निघाला. त्याची पावले वाजली. तेव्हा मित्र बाहेर पडला. माझी चूक काय झाली ते मला कोणी तोंडाने सांगितले नाही. मी बाद होऊन बसलो होतो म्हणून ते दिसले. फळ्यापाशी चुकलेल्या मुलाला आपण जागेवर बसवतो आणि पुढच्याला उठवतो. बसलेला मुलगा रुसून बाकाकडे बघतो की फळ्याकडे, यावर पुष्कळ अवलंबून असते. शिक्षकांना हे मी सांगायला नको.

बरे, मग हे बदलले का? कर्त्यांनाही कारणे आहेत. पूर्वी खेळ पैसे मोजून विकत घ्यावा लागे. पैसे मोजले म्हणजे माणूस दहादा बाद झाला तरी चिकाटी धरी. काउंटर-स्ट्राइक डिसेंबर २०१८ मध्ये फुकट झाला. अमेरिकेतील रायट कंपनीचा व्हॅलोरंट जून २०२० मध्ये आला तो फुकटच. फुकट आत येणारा फुकट बाहेरही जातो. नवा मुलगा आला, वीस सेकंदांत पडला, दीड मिनिट बसला, असे चारदा झाले की तो पडदा बंद करून दुसऱ्या खेळाकडे वळतो. शेजारी असे खेळ पुष्कळ आहेत, जिथे मेलेला गडी दोन श्वासांत उभा राहतो. दुसरे कारण माझ्यासारख्यांचे. विशीत जे रात्र रात्र खेळत होते ते आता चाळिशीत आहेत. त्यांना मुलांना झोपवल्यावर अर्धा तास मिळतो. पाऊण तासाचा सामना त्यांना परवडत नाही. आणि तिसरे, पूर्वी एका खोलीतले दहा जण खेळत; आज जगभरातून कोणीही चार अनोळखी गडी संघात पडतात. त्यांच्याबरोबर अर्धा तास नकाशा कोण आखणार?

म्हणून कात्री चालली. काउंटर-स्ट्राइकचा सामना वर्षानुवर्षे जास्तीत जास्त ३० फेऱ्यांचा होता, सोळा जिंकणारा विजयी. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा तो २४ फेऱ्यांचा केला. आता तेरा पुरतात. ऐकायला बदल लहान वाटतो. पण पैसा राखण्याची जी गोष्ट मी मघाशी सांगितली, तिच्याशी जोडून पाहा. पाच हंगामांत एक हंगाम पडीक टाकणे वेगळे आणि चारांत एक टाकणे वेगळे. फेऱ्या कमी झाल्या, तशी प्रत्येक हरलेली फेरी महाग झाली, आणि मागे पडलेल्या संघाला सावरायला जागा कमी उरली. व्हॅलोरंट तर पहिल्या दिवसापासून २४ फेऱ्यांचा. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा पाच फेऱ्या जिंकल्या की आटोपणारा स्विफ्टप्ले हा प्रकार २०२२ च्या डिसेंबरात चाचणीला काढला आणि लोकांनी उचलून धरल्यावर कायम केला. आणि जून २०२३ मध्ये टीम डेथमॅच आला. तो चोख अमर आहे. पाचाविरुद्ध पाच, शंभर बळी आधी घेईल तो संघ जिंकला, बाद झालेला गडी क्षणात परत हजर, दहा मिनिटांच्या आत सगळे समाप्त. आपल्या खेड्यांतली मुले कॉम्प्युटरवर कमी आणि फोनवर जास्त खेळतात, त्यांच्या बीजीएमआय या खेळातही हा प्रकार आहे. चारांविरुद्ध चार, चाळीस बळी, एका गोदामात.

युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा रेनबो सिक्स सीज २०१५ चा. ही कंपनी पुणेकरांना परकी नाही. २००८ मध्ये तिने पुण्यातला एक स्टुडिओ घेतला. सीजमध्ये फेरीआधी ४५ सेकंद तयारीची असतात. बचाव करणारे भिंतींना पत्रे ठोकतात, तारा पसरतात. हल्ला करणारे चाकांवरची छोटी यंत्रे आत सोडून टेहळणी करतात. २०२३ मध्ये त्याच्या क्विक मॅच प्रकारात ही तयारीची वेळ कमी केली आणि भिंतींचे काही काम खेळानेच आधी उरकून ठेवावे अशी सोय केली. लग्नघरात मांडव तयार मिळावा तसे. जून २०२५ मध्ये सीज एक्स आला, त्यात ड्युअल फ्रंट हा नवा प्रकार आहे. सहा-सहा गडी, दोन्ही संघ एकाच वेळी चढाईवर आणि बचावावर, आणि बाद झालेला थोड्या वेळाने परत मैदानात. जुना खेळ त्यांनी ठेवला आहे, मोडला नाही; शेजारी दुसरे मैदान आखले.

प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही समजू नका. काउंटर-स्ट्राइकमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये फेरीची वेळ एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांवरून एक मिनिट पंचावन्न सेकंदांवर नेली. दहा सेकंद वाढवली! चढाई करणाऱ्याला विचार करायला जागा हवी, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या कबड्डीतही २०१४ च्या प्रो कबड्डीने चढाई ३० सेकंदांची केली आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, असा नियम आणला. टीव्हीवर सामना रंगू लागला. आमचे गुरुजी असते तर म्हणाले असते, पोरांचा दम बघायचा राहिला.

मला स्वतःला या साऱ्यात कौतुक वाटते ते आणखी एका गोष्टीचे. काही कर्त्यांनी गड्याला लगेच उठवलेही नाही आणि नुसते बसवलेही नाही. सीजमध्ये बाद झालेला गडी इमारतीतल्या कॅमेऱ्यांतून बघून सोबत्यांना सांगू शकतो, जिन्याखाली एक लपलाय म्हणून. रेषेबाहेर बसलेला गडी "डावा कोपरा सांभाळ" असे ओरडतो, त्यातलाच हा प्रकार. व्हॅलोरंटमध्ये सेज नावाचे पात्र आहे. तिच्याजवळ पुरेसे बळ साठले की ती पडलेल्या एका सोबत्याला उठवू शकते. ही तर आपली संजीवनीच. मार्च २०२४ मध्ये आलेले क्लोव्ह हे पात्र मेल्यावरही धूर सोडून सोबत्यांना आडोसा करून देते. शेजारच्या मोठ्या मैदानाच्या खेळांतही तेच दिसते. २०१९ च्या एपेक्स लेजंड्समध्ये सोबत्याने पडलेल्याची खूण उचलून ठरावीक जागी पोचवली की तो परत येतो. जीव धोक्यात घालून कोणीतरी आपल्याला आणले, याची जाणीव तिथे राहते. २०२० च्या वॉरझोनमध्ये मात्र मेलेल्याने स्वतःच एक द्वंद्व जिंकून यायचे. दोन्हींत गडी परत येतो. पण येण्याची वाट निराळी.

संकेतने मला एका रविवारी टीम डेथमॅचला बसवले. साडेनऊ मिनिटांत मी एकोणतीस वेळा बाद झालो. हा आकडा मी नाही, पडद्याने मोजला. गंमत वाटली, बोटांना व्यायाम झाला. पण उठल्यावर त्या एकोणतीस मरणांतले एकही मला आठवेना. चोवीस वर्षांपूर्वीचे बोगद्याच्या तोंडचे एक मात्र लख्ख आठवते. संकेत हसला. म्हणाला, "मामा, ही जोर-बैठकांची जागा. कुस्ती नाय ही." त्याचे म्हणणे खरे होते. हाताला नेम लागायचा तर शंभरदा झाडावी लागणार, आणि तेवढ्यासाठी दर वेळी दीड मिनिट बसून राहणे हा शुद्ध वेळेचा नाश. चांगले खेळाडू सामन्याआधी तिथे हात मोकळा करतात. तेव्हा कात्रीने कापलेले सगळेच मोलाचे होते असे मी म्हणणार नाही. माझे वीस रुपयांतले बारा तरी वाचले असते.

आता ज्या कारणासाठी मी हे भाषण द्यायचे कबूल केले ते सांगतो.

त्या रात्रीनंतर संकेतने लांब सामने सोडून दिले. मला त्याने काही म्हटले नाही. हाक मारली की तो लगेच येऊ लागला, गरम भाकरी खाऊ लागला. त्याची मामी खूश, मीही खूश. तो आता दहा-दहा मिनिटांचे डेथमॅच खेळत होता, अनोळखी गड्यांबरोबर. त्यातून केव्हाही उठावे, कोणाचे फारसे अडत नाही. मेलेला तसाही परत येतोच. असे तीन-चार आठवडे गेले. मग एका रात्री मी अंगणातून आत येताना माझ्या ध्यानात आले की, त्याच्या खोलीतून बोलणे ऐकू येत नाही. पूर्वी यायचे. "डावीकडं बघ, डावीकडं!" "आरं थांब, पळू नकोस." "पैसं ठेव, पुढच्याला लागतील." त्यात एक आवाज आमच्या गावच्याच पोराचा असे. दोघे एका बाकावर शिकलेले. तो आता चाकणला कारखान्यात पाळीत काम करतो. आठवड्यातून दोन-तीनदा या सामन्यांतच त्यांची गाठ पडत असे. बाद होऊन दोघे एकदम बसले की त्या मिनिट-दीड मिनिटात गावच्या गोष्टी निघत. कोणाच्या विहिरीला पाणी लागले, कोणाचे लग्न ठरले. तेच थांबले होते. नुसत्या बटणांची टकटक तेवढी येत होती.

मी त्याला विचारले, तर म्हणाला, "लांब सामन्याला पाऊण तास लागतो मामा. मध्येच उठलं तर चौघांचं नुकसान, आणि मला खेळायला बंदी बसते काही वेळ. तुम्ही कधी बटण बंद कराल सांगता येत नाही. म्हटलं, नकोच."

श्रोतेहो, मी रागावून काय बंद केले, ते मला त्या दिवशी कळले. जेवायला वेळेवर येणारा मुलगा मला हवा होता, तो मिळाला. चौघांसाठी थांबणारा मुलगाही माझ्याच घरात होता, तो मी उठवून लावला होता. या घाईच्या खेळांना घरातल्या ताटाशी चांगले जमते, हे त्यांचे मोठे पुण्य आहे. पण गडी मेला तरी कोणाचे अडत नाही अशा मैदानावर एकमेकांसाठी थांबण्याची सवय कशी लागावी, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आम्ही दोघांनी मग तोड काढली, ती पालकांना आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. "बंद कर" असे म्हणण्याऐवजी मी आता "किती फेऱ्या राहिल्या?" असे विचारतो. आकडा समोर पडद्यावरच असतो, त्यामुळे थाप मारता येत नाही. तेरांतल्या अकरा झाल्या असतील तर मी थांबतो. तीनच झाल्या असतील तर त्याने जेवणाच्या वेळेला सामना मांडलाच कसा, हे विचारण्याचा हक्क माझा. रोज संध्याकाळी हवे तर दहा मिनिटांचे खेळ खेळावेत, आणि लांब सामना फक्त रविवारी, जेवणे आठला उरकून, नऊ वाजता. चाकणच्या पोराची पाळी सोयीची नसली तर वार बदलायचा, पण आधी सांगायचे. परीक्षेच्या महिन्यात तोही बंद. हे शेवटचे कलम त्यानेच घातले, मी नव्हे.

आता रविवारी नऊला खोलीतून पुन्हा आवाज येतात. मी कधी कधी मागे खुर्ची टाकून बसतो. मला अजूनही निम्मे कळत नाही. पण कोण थांबतो आणि कोण उगाच धावतो, एवढे दिसते. त्याची मामी त्याच्याजवळ भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी ठेवून जाते. खेळत असताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा बाद होऊन बसला म्हणजेच काय ते चार दाणे तोंडात पडतात. नऊला भरलेली वाटी पावणेदहाला तशीच असली तर आम्ही समजतो, आज गडी चांगला खेळला. गेल्या रविवारी वाटी तिसऱ्याच फेरीला रिकामी झाली, आणि आतून हाक आली, "मामी, अजून थोडे आहेत का?"